रिपोर्ट नॉर्मल आहेत

२०२१च्या दिवाळीपर्यंत माझी गत अशी झाली होती की लॅबच्या रिपोर्टात एखादा तरी आकडा ठळक छापून यावा म्हणून देवाला साकडं घालायचंच काय ते बाकी राहिलं होतं. ठळक आकडा म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला, हे कोविडने घरोघरी शिकवलंय. मला काहीतरी बिघडलेलं हवं होतं. थायरॉइड चाललं असतं, हिमोग्लोबिनही चाललं असतं. ज्या दुखण्याला नाव असतं त्याला गोळी असते, आणि गोळी चालू असलेल्या माणसाला रजा मागताना मान खाली घालावी लागत नाही.

कोविड झाला एप्रिलमध्ये, आणि तोही किरकोळच. साताऱ्यात तेव्हा बेडसाठी लोकांची वणवण चालली होती. मी मात्र मागच्या खोलीत ताप-खोकल्यावर सुटले. एचआरसीटीचा, म्हणजे फुप्फुसांच्या स्कॅनचा स्कोर पंचवीसपैकी चार. ‘‘चार म्हणजे काहीच नाही,’’ असं जो तो म्हणाला आणि तेव्हाच्या मापाने ते खरंही होतं. नंतर थकवा रेंगाळला, पण शाळा ऑनलाइन होती. खुर्चीत बसून, लॅपटॉपसमोर तास घेत कसंबसं निभावलं. ४ ऑक्टोबरला शाळा उघडल्या आणि मी फळ्यासमोर उभी राहिले. एक गणित सोडवून होईपर्यंत छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, हातातला खडू थरथरतोय. नववीच्या वर्गात ‘समीकरण’ हा शब्दच आठवेना. पहिल्या बाकावरच्या मुलीने तो हळूच सुचवला. पंचवीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला!

आमचे डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी हात राखून तपासण्या लिहिल्या नाहीत. सीबीसी, सीआरपी, साखर, टीएसएच, लिव्हर, किडनी, फेरिटिन, डी-डायमर, बी-१२, ड जीवनसत्त्व. लॅबचा मुलगा सकाळी उपाशीपोटी रक्त न्यायला घरी आला. जांभळ्या झाकणाची नळी सीबीसीला, करडी साखरेला, पिवळी बाकीच्या सगळ्याला. निळ्या झाकणाची त्याने शेवटपर्यंत डोळ्यांसमोर धरून ठेवली. ‘‘मॅडम, डी-डायमरची आहे, बरोबर रेघेपर्यंतच भरायला लागते. आत औषध असतं, रक्त कमी पडलं तर प्रमाण चुकतं आणि रिपोर्ट भलताच येतो.’’ हे सांगताना त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. या सगळ्या प्रवासात ज्यांचं काम बघून बरं वाटलं, त्यांत हा मुलगा फार वरचा.

संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ आली. डी-डायमर ठीक, सीआरपी ठीक, थायरॉइड तर अगदी मधोमध. ठळक आकडे दोनच होते, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. मला कोण आनंद झाला! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. दर आठवड्याला ‘ड’ची साठ हजार युनिटची पुडी दुधातून, बी-१२ची इंजेक्शनं. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तपासलं तर दोन्ही आकडे वर आलेले. मी होते तिथेच. आपल्याकडे निम्म्या गावाचं रक्त तपासलं तरी हे दोन आकडे कमीच निघतील. ते भरून काढायलाच हवेत. पण त्यांच्यात माझं उत्तर नव्हतं.

‘‘स्टॅमिना गेलाय मॅडम, चालायला लागा,’’ डॉक्टर म्हणाले. साताऱ्याच्या माणसाला चालायला सांगितलं की तो अजिंक्यताऱ्याकडेच बघतो. कोविडच्या आधी मी आठवड्यातून दोन-तीनदा गड चढायचे, वर वारा खायचे आणि शाळेला वेळेत पोचायचे. एका रविवारी हळूहळू, थांबत थांबत चढले. वर पोचल्यावर खरं सांगायचं तर छानच वाटलं. यांना फोन करून सांगितलंसुद्धा, की झालं बाई एकदाचं. सोमवारही बरा गेला. मंगळवारी सकाळी मात्र अंथरुणातून उठून बाथरूमपर्यंत जाता येईना. घसा दुखतोय, अंग मोडून आलंय, खिडकीतला उजेड सहन होत नाही. ताप नाही. तो सगळा आठवडा तसाच गेला.

श्रमाची ही उधारी दिवस-दोन दिवसांनी वसूल होते, हे डॉक्टरी पुस्तकांत आहे. विषाणूच्या आजारांनंतर वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या थकव्याची ती जुनी खूण. अशा रुग्णांना ठरलेल्या मापाने व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. म्हणजे मी गड चढण्याच्या थोडं आधीच. हे आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, त्याचा दोष मी कुणाला देत नाही. आपल्या केंद्र सरकारची कोविडनंतरची नियमावली २०२० सालच्या सप्टेंबरातच आली होती. तिच्यात सोसेल तेवढं चालणं, प्राणायाम आणि सकाळी चमचाभर च्यवनप्राश होता. च्यवनप्राश सासूबाईंनी त्याच्याही आधी सुरू केला होता.

मग पुण्यातलं मोठं हॉस्पिटल. फाइल चांगलीच जाड झाली होती. तिथल्या तज्ज्ञांनी ती वाऱ्याच्या वेगाने उलटली आणि म्हणाले, ‘‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत.’’ मग माझ्याकडे न बघता यांना विचारलं, ‘‘घरी काही टेन्शन? पाळी वगैरे जाण्याचं वय आहेच.’’ झोपेची अर्धी गोळी लिहून दिली. परतीच्या वाटेवर खंबाटकीच्या घाटात हे म्हणाले, ‘‘बरं झालं ना, काही निघालं नाही ते.’’ मी काही बोलले नाही. बाई थकली म्हणाली की डॉक्टर तिचं घर तपासतात आणि पुरुष थकला म्हणाला की हृदय, असं माझं तेव्हापासून मत झालंय. ते बदलायला कुणी अजून भाग पाडलेलं नाही.

रस्ता सापडला तो भाचीमुळे. ती फिजिओथेरपिस्ट आहे. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘मामी, घरात ऑक्सिमीटर आहे ना? त्याच्यावर आकडे किती दिसतात?’’ मी म्हटलं, अठ्ठ्याण्णव. ‘‘तो ऑक्सिजन गं. दुसरा?’’

दुसऱ्या आकड्याकडे त्या वर्षात कोण बघत होतं? चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की पळायचं, एवढंच डोक्यात. पल्सचा आकडा शेजारीच लुकलुकत असायचा, बिचारा.

तिने सांगितलेली तपासणी अशी. सकाळी काही खाण्याआधी दहा मिनिटं आडवं पडून नाडी आणि बीपी मोजायचं. मग उठून भिंतीपासून वीतभर अंतरावर टाचा ठेवायच्या, खांदे फक्त भिंतीला टेकवायचे, आणि हलायचं नाही, बोलायचं नाही. दहा मिनिटं, दर मिनिटाला आकडे. जवळ माणूस हवंच, कारण चक्कर येऊ शकते. हे स्टूल घेऊन समोर बसले आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहू लागले. आडवी असताना बहात्तर. पहिल्या मिनिटाला शहाण्णव. चौथ्याला एकशे दहा. पायांचे तळवे जांभळट दिसायला लागले. सासूबाई डोकावून गेल्या, ‘‘का रे, शिक्षा केलीस का तिला?’’ आठव्याला एकशे अठरा, दहाव्यालाही तेवढेच. बीपी जवळजवळ जागच्या जागी. यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘‘तू नुसती उभी आहेस.’’

साताऱ्यातल्याच एका हृदयरोगतज्ज्ञांनी ते पान फाइलीच्या आधी वाचलं. ईसीजी, इको, चोवीस तासांचा होल्टर काढून हृदय शाबूत असल्याची खात्री केली, आपल्या समोर उभं करून पुन्हा नाडी मोजली, आणि नाव सांगितलं : पॉट्स. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी तीस किंवा त्याहून अधिक वाढते, बीपी पडत नाही आणि हे महिनोन्महिने चालतं. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. शिरा आवळून ते वर ढकलणारी जी आपोआप चालणारी मज्जासंस्था, तीच नीट चालत नाही. मग मेंदूला रक्त पुरवण्यासाठी हृदय धावत सुटतं. कोविडनंतर हे बऱ्याच जणांना झालेलं आहे. रक्ताच्या नळीत ते दिसत नाही, कारण बिघाड रक्तात नसतो, उभं राहण्यात असतो!

उपचारांत दिपवून टाकणारं काही नव्हतं. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी आणि जास्तीचं मीठ. माझं बीपी मुळात कमी, म्हणून मीठ. ज्यांचं बीपी जास्त त्यांच्यासाठी ते विष, हे त्यांनी दोनदा बजावलं. कमरेपर्यंतचे घट्ट मोजे, जे साडीखाली मे महिन्यात घालणं हा वेगळाच लेख होईल. आयव्हाब्राडिनची बारीक गोळी, नाडीचा वेग कमी करणारी. आणि थकण्याच्या आधी बसायचं. हे सर्वांत अवघड गेलं. वर्गात बसायला स्टूल ठेवलं, पण शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की मुख्याध्यापक ते उचलायला सांगायचे. शेवटी हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी दाखवली, तेव्हा स्टूल फळ्यापाशी कायमचं राहिलं. गोळी वर्षभराने बंद झाली. आता दोन तास लागोपाठ उभी राहू शकते, तिसरा नाही. गड नाही.

तपासण्यांचा नाद मात्र लगेच सुटला नाही. रक्तातल्या अतिसूक्ष्म गुठळ्यांवर दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉश विद्यापीठात रेसिया प्रिटोरियस काम करतात. ते वाचून मी लॅबच्या मुलाला विचारलं, त्यांची तपासणी होते का इथे? त्यासाठी खास सूक्ष्मदर्शक लागतो, नेहमीच्या लॅबचं ते काम नव्हे. अँटीबॉडीची तपासणी घ्या म्हणून बरेच सांगत होते. संसर्ग किंवा लस, दोन्हींतलं काहीतरी होऊन गेलंय, याहून जास्त तिच्यातून काय कळणार? अमेरिकेच्या ‘रिकव्हर’ प्रकल्पाने दहा हजारांहून अधिक लोकांच्या नेहमीच्या पंचवीस तपासण्या पडताळल्या. लाँग कोविड, म्हणजे कोविडनंतर असं रेंगाळणारं दुखणं, असलेला आणि नसलेला माणूस त्यांतून वेगळा ओळखता येत नाही, असा निष्कर्ष २०२४मध्ये आला. तो वाचला आणि माझी जाड फाइल कपाटाच्या वरच्या खणात गेली. स्टॅनफर्डने पॅक्सलोव्हिड हे कोविडवरचं औषध पंधरा दिवस देऊन पाहिलं होतं, त्याचाही निकाल त्याच वर्षी आला : लाँग कोविडवर उपयोग दिसला नाही.

अजूनही कुणाचा तरी फोन येतो. परवा एका माजी विद्यार्थ्याचा आला, त्याच्या आईसाठी. ‘‘बाई, लाँग कोविडची ब्लड टेस्ट कुठे होते?’’ मी म्हटलं, तशी नसते रे. पण सीबीसी, टीएसएच, साखर, बी-१२, ड, किडनी-लिव्हर एवढं करून घे, कारण थकव्यामागे ते असलं तर सहज बरं होण्यासारखं आहे. ईसीजी काढ. मग सकाळी आईला भिंतीला टेकून उभं कर आणि शेजारी तू थांब. आणि त्याआधी ऑक्सिमीटरमध्ये नवे सेल घाल, जुने आतल्या आत गळाले असतील.