बारा अक्षरांची ओळख

नेटवर्कला जोडायच्या यंत्राला कारखान्यातच एक पत्ता मिळतो. ४८ बिटांचा, लिहायला बारा अक्षरांचा: शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं. पुण्यातल्या एका महाविद्यालयात नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईंची या मॅक अ‍ॅड्रेसशी ओळख झाली ती प्रयोगशाळेच्या नोंदवहीत. कोणत्या टेबलावर कोणता संगणक, हे त्या वहीत पत्त्यावरूनच कळे.

एवढा लांब पत्ता कशाला, याचं उत्तर त्यांना इतिहासात सापडलं. १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ईथरनेट जन्मलं, तेव्हा पत्ता अवघा ८ बिटांचा होता. त्यात २५६ क्रमांक बसत. १९८० च्या मानकात तो ४८ बिटांचा झाला. त्यामागचा विचार १९८१ च्या एका शोधनिबंधात योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी मांडला: क्रमांक जाळ्याचा नसावा, यंत्राचा असावा, मग यंत्र कुठेही हलवलं तरी दुसऱ्याशी टक्कर होणार नाही. दलाल मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी, हे वाचून बाईंना विशेष आनंद झाला.

यंत्राची ओळख एकच, लिहिण्याच्या तऱ्हा मात्र अनेक. लिनक्स लिहितं ००:१ए:२बी:३सी:४डी:५ई. विंडोज कोलनऐवजी जोडरेघ देतं. सिस्कोचा स्विच सांगतो ००१ए.२बी३सी.४डी५ई. तीन याद्या शेजारी ठेवल्या तर एकच संगणक तीन वाटावेत!

त्यासाठी बाईंनी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. चिन्हं काढायची, अक्षरं सगळी लहान किंवा सगळी मोठी करायची, बारा भरतात का पाहायचं आणि हव्या त्या रूपात पुन्हा जोडायचं. काम सोपं दिसतं, पण मॅकओएसवरची पत्ते दाखवणारी एआरपी आज्ञा गटातलं पुढचं शून्य गाळते. ०५ चं नुसतं ५ होतं. म्हणून कोलन असेल तिथे आधी सहा गट वेगळे करायचे, प्रत्येक गट दोन अक्षरांचा करायचा आणि मगच चिन्हं काढायची. क्रम उलटला, तर हरवलेलं शून्य कुठलं हे नंतर सांगता येत नाही.

एक्सेलचा धोका वेगळा. चिन्हं काढलेल्या पत्त्यात सगळे अंकच असले तर सुरुवातीची शून्यं जातात, आणि अंकांमध्ये एकटा ई आला तर एक्सेल त्याला दहाचा घात समजून भलतीच प्रचंड संख्या करून टाकू शकतं. बाई तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून घेतात.

मग वसतिगृहात वाय-फाय आलं, आणि पुढे फोनच पत्ते बदलू लागले. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, स्वतः तयार केलेला पत्ता वापरू शकतो. नोंदी ठेवणं अवघड झालं, तरी बाईंना हा बदल मनापासून पटला. कायमच्या क्रमांकामुळे दुकानापासून स्टेशनापर्यंत माणसाचा माग काढता येत होता. मुलामुलींना त्यातून सुटका हवीच. असे पत्ते ओळखूही येतात: दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. स्क्रिप्ट त्यांची वेगळी यादी करते आणि त्यांचा निर्माता शोधायला जात नाही.

बाकीच्यांचा निर्माता पहिल्या सहा अक्षरांवरून कळे, कारण तो गट आयईईई ही संस्था कंपनीला देते. आता लहान कंपन्यांसाठी तिने सात आणि नऊ अक्षरांचे गटही ठेवले आहेत. त्यामुळे बाईंची स्क्रिप्ट आधी नऊ अक्षरं जुळवून पाहते, मग सात, मग सहा. नव्या विद्यार्थ्यांना त्या हीच ओळ आधी समजावतात.