देवडी आणि दफ्तर

सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्यात बसून मी ज्या संकेतस्थळांची देखभाल करतो, ती ज्या यंत्रांवर ठेवलेली असतात त्या यंत्रांचा मुक्काम कोणत्या शहरी आहे हे मला क्वचितच ठाऊक असते, आणि त्याच यंत्रावर शेजारी आणखी कोणाकोणाची खाती नांदत आहेत, हे तर कधीच कळत नाही. शाळा, पतसंस्था, देवस्थाने आणि कृषी सेवा केंद्रे यांना थोडक्या वार्षिक आकारात जगापुढे आपली पाटी लावता येते ती या ‘शेअर्ड होस्टिंग’मुळेच, तेव्हा या व्यवस्थेची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या कागदाचा दुवा आपण कोठेही दिलेला नाही तो कोणाच्या दृष्टीस पडणारच नाही, अशी भोळी समजूत बहुतेक खातेदारांच्या मनात घर करून असते, आणि माझ्या व्यवसायातील निम्मे श्रम तिच्या निराकरणातच खर्ची पडतात.

२०१६ च्या डिसेंबरात मुंबईतील एका रोगनिदान प्रयोगशाळेचे हजारो तपासणी-अहवाल, त्यांत एचआयव्हीचेही, रुग्णांच्या नावानिशी इंटरनेटवर उघडे असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यासाठी कोणास दरोडा घालावा लागला नव्हता. फोल्डरात मुखपृष्ठाची फाइल नसली आणि यादी दाखवण्याची मुभा बंद केलेली नसली, म्हणजे सर्व्हर आतील फाइलींची फेरिस्तच विचारणाऱ्याच्या हाती देतो. आणि विचारणारा माणूसच असला पाहिजे असे नाही, शोधयंत्रांचे हेर अहोरात्र हेच करीत हिंडत असतात. त्यांना मज्जाव करण्यासाठी ‘रोबोट्स’ नावाच्या फाइलीत गुप्त फोल्डरांची नावे लिहून ठेवणारे महाभागही मी पाहिले आहेत. १९९४ साली मार्टिन कोस्टर यांनी सुचवलेला तो केवळ सभ्यतेचा संकेत आहे. ती फाइल कोणासही वाचता येते, म्हणून तीत गुपिताचे नाव लिहिणे म्हणजे गुपिताची दवंडी पिटणे होय.

खरा बंदोबस्त निराळा, आणि तो जुनाही आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत घडलेल्या सर्व्हरवरून १९९५ साली ‘अपाची’ निर्माण झाला, आणि ‘एचटीअ‍ॅक्सेस’ नावाची, आरंभी टिंब असलेली छोटी फाइल त्याच घराण्याचा वारसा म्हणून आजतागायत चालत आली. जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसे, तशी ही फाइल फोल्डराच्या तोंडाशी बसते. येणाऱ्याजवळ नाव व परवलीचा शब्द नसेल तर सर्व्हर ४०१ या आकड्याने त्यास थोपवतो, आणि ब्राउझर ते दोन्ही मागणारी लहानशी चौकट पुढे करतो. मात्र या पहारेकऱ्यास चेहरे ओळखता येत नाहीत. दर पृष्ठाला, दर चित्राला तो नव्याने शब्द विचारतो, आणि ब्राउझर आपल्या वतीने निमूटपणे तो देत राहतो. हा शब्द ‘बेस ६४’ या लिपीत जातो. लिपी बदलली एवढेच. गुप्तता तिच्यात मुळीच नाही. त्यामुळे एचटीटीपीएसचे आवरण नसेल, तर वाटेतील कोणीही तो वाचू शकतो.

होस्टिंगच्या ‘सीपॅनेल’ या नियंत्रणफलकात ‘डिरेक्टरी प्रायव्हसी’ या नावाने हा पहारा बसवण्याचे काम दोन-चार टिचक्यांत उरकते, आणि त्याची एक तजवीज मला फार शहाणपणाची वाटते: परवलीच्या शब्दांची नोंदवही ती ‘पब्लिक एचटीएमएल’ या सार्वजनिक फोल्डराच्या बाहेर ठेवते. हाताने काम करणारे मात्र ती वही त्याच फोल्डरात ठेवतात आणि अपाचीच्या मूळ नियमाने ती बाहेरच्यास मिळत नाही या भरवशावर निर्धास्त राहतात. सामायिक यंत्रावर हा भरवसा अपुरा आहे; कारण जेथे सर्व खात्यांच्या पीएचपी आज्ञावल्या एकाच सेवकाच्या नावाने चालतात, अशा जुन्या व्यवस्थेत शेजाऱ्याची आज्ञावली आपली वही सरळ उघडू शकते, आणि तिच्या वाटेत पहारेकरी येतच नाही.

वहीतील शब्द ज्या पद्धतीने कुटून ठेवला जातो, तीही पाहावी लागते. ‘क्रिप्ट’ ही जुनी पद्धत पहिली आठच अक्षरे जमेस धरते. सोनाळा हे नाव रोमन लिपीत सहा अक्षरांचे. त्यापुढे कोणी २०२४ जोडले, तर २०१९ लिहिणाऱ्यासही दार उघडते. आपल्याकडे गावाचे नाव आणि चालू साल हाच परवलीच्या शब्दांचा राजमान्य नमुना असल्यामुळे हा दोष येथे पुस्तकी राहत नाही. ‘बीक्रिप्ट’ पद्धत मागून घ्यावी.

सर्वांत फसवा प्रसंग स्थलांतराचा. एका शिक्षणसंस्थेने स्वस्ताईसाठी होस्टिंगचा ठेकेदार बदलला. नवा सर्व्हर ‘एनजिनएक्स’ होता, आणि तो एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही. फाइल जागच्या जागी, संकेतस्थळ सुरळीत, तक्रार कोणाचीच नाही. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांबरोबर आलेली आधारपत्रे व जातीचे दाखले मात्र कित्येक दिवस उघडे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अशा हलगर्जीपणास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, हे चिटणिसांना ऐकवले तेव्हा त्यांनी प्रथम विचारले, “मग आता नवीन कुलूप किती रुपयांचे?”

कुलूप फुकटच होते. पण अर्ज मंजूर होऊन गेल्यावर ते दाखले संकेतस्थळावर ठेवण्याचे प्रयोजन काय, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते, कारकुनाजवळही नव्हते. आम्ही ते सारे उतरवून कार्यालयातील कपाटात, एका स्वतंत्र डिस्कवर ठेवले, आणि गूगलकडे जुन्या नोंदी काढून टाकण्याचा अर्ज रुजू केला. त्या फोल्डरात आता सुट्ट्यांची यादी आहे. तिला परवलीचा शब्द लावलेला नाही.