थंडीला साक्षीदार हवा

बऱ्हाणपूरला बर्फ पडत नाही. तरी डिसेंबरात आमच्याकडे बर्फ असतो, तो कापसाचा. चर्चमधल्या गोठ्याच्या छपरावर, ख्रिसमस ट्रीवर, नाटकातल्या मेंढपाळांच्या खांद्यावर. शुभवर्तमानात येशूजन्माच्या कथेत बर्फाचा उल्लेखही नाही. तो युरोपातल्या कार्डांवरून आपल्याकडे आला. कापूस मात्र इथलाच. पॉवरलूमच्या गावात बर्फ करायला दुसरं काय मिळणार?

खरा बर्फ काय करतो ते 2022 च्या नाताळात अमेरिकेतल्या बफेलो शहराने पाहिलं. वादळ इतकं मोठं होतं की मदतीला निघालेल्या गाड्याच रस्त्यात अडकल्या. शहरात आणि आसपास 40 हून जास्त माणसं गेली, काही आपापल्या गाड्यांत, काही घरात. त्याच दिवसांत जवळच्या एका गावात दक्षिण कोरियाच्या पर्यटकांची व्हॅन बर्फात रुतली. फावडं मागायला त्यांनी एका घराचं दार वाजवलं. घरातल्या नवरा-बायकोने व्हॅनमधल्या दहाही जणांना आत घेतलं आणि दोन-तीन दिवस ठेवून घेतलं. सराईत जागा नव्हती ही गोष्ट आपण दर नाताळला ऐकतो. इथे ती मिळाली.

बर्फाचं एक आहे, तो दिसतो. दारात साचतो, रस्ता अडवतो, मग शाळांना सुट्टी द्यावी लागते, पालिकेला यंत्रं बाहेर काढावी लागतात. शिकागोत तर आपल्या घरासमोरचा फुटपाथ साफ करणं घरमालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणजे संकट आभाळातून आलं तरी ते वाटून घ्यायची काहीतरी रीत तिथे पडलेली आहे.

आमच्या थंडीचं तसं नाही. तापीच्या दोन्ही काठांना केळीच्या बागा आहेत, आणि केळी हे उष्ण प्रदेशाचं पीक. पारा 10 अंशांच्या खाली गेला की तिची वाढ जवळजवळ थांबते. पोंगा उलगडायला वेळ लागतो. निसवणीला आलेल्या झाडाचा घड बुंध्यातच अडकतो. तयार घडाची साल काळपट पडते आणि पिकवल्यावरही त्याला पिवळाधमक रंग चढत नाही. खानदेशात याला चरका म्हणतात. शेतकरी हातात असेल ते करतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणून रात्री बागेला पाणी देतो, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो, घडांवर पिशव्या चढवतो. हे सगळं आपण रजईत असताना चालतं. सकाळी बाग हिरवीगारच दिसते.

ओळखीतल्या एका केळीवाल्या काकांना मी विचारलं, गारपीट वाईट की थंडी? ते म्हणाले, “बेटा, गारा पडल्या तर सगळा गाव बघायला येतो. थंडी पडली तर कोण येतं?”

त्यांचं म्हणणं मला नीट कळलं ते हद्दीकडे पाहिल्यावर. बऱ्हाणपूरनंतर रेल्वे रावेरला जाते. नदी तीच, माती तीच, केळी तीच, थंडीही तीच. फक्त राज्य बदलतं. महाराष्ट्रात केळीला हवामान आधारित फळपीक विमा आहे. ठरलेल्या मुदतीत किमान तापमान सलग 3 दिवस 8 अंश किंवा त्याहून खाली राहिलं, तर विमा काढलेल्या शेतकऱ्याला भरपाई मिळते. तिथे साक्षीदार असतो हवामान केंद्राचा आकडा. मध्य प्रदेशात असाच विमा केळीला द्या, हे आमच्याकडचे शेतकरी कित्येक वर्षं मागत आले आहेत. इथे नैसर्गिक आपत्तीची मदत मिळते ती राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 खाली, पंचनामा करून. गारांनी फाटलेलं पान पंचनाम्यात येतं. महिनाभर मागे पडलेली वाढ कुठल्या रकान्यात लिहायची?

गंमत म्हणजे व्यापाऱ्याला चरका लगेच दिसतो. भाव पाडताना तो बरोबर घडावर बोट ठेवतो. मग कापणी लांबते आणि पहाटे घड वाहणाऱ्या मजुरांचा रोज बुडतो. त्यांचं नुकसान तर रावेरलाही कुठल्या विम्यात बसत नाही.

विमा कंपन्या फार प्रेमळ आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. विमा काढूनही पैशांसाठी हेलपाटे घालणारे लोक हद्दीपलीकडेही आहेत. पण आकडा हातात असला की निदान भांडता तरी येतं. बफेलोतलं ते दार वाजवलं गेलं म्हणून उघडलं. थंडी दार वाजवत नाही, तिच्या वतीने कुणीतरी वाजवावं लागतं. आपल्यातले बरेच जण शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. सुट्टीत घरी गेलात की एक साधा थर्मामीटर बागेत टांगा आणि रोज पहाटेचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. त्या वहीवर भरपाई मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्या रात्री थंडी होती, एवढं तरी कुणीतरी लिहून ठेवलेलं असेल.