बर्फाच्या पिठात स्की हरवते तेव्हा...

रायपूरच्या समता कॉलनीत बर्फ भेटतो तो दोनच ठिकाणी. एक घरच्या फ्रिजमध्ये आणि दुसरा उसाच्या रसाच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावणारं हे शहर. छत्तीसगडात कडाक्याची थंडी पडलीच, तर सरगुजातल्या मैनपाटच्या पठारावर किंवा कवर्ध्याकडच्या चिल्फी घाटात पहाटेचं दव गोठतं आणि गवतावर पांढरी साय धरते. तेवढ्याचेही फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात झळकतात!

अशा गावातली माणसं आता हिवाळ्यात थेट गुलमर्गला निघू लागली आहेत. चौबे कॉलनी, समता कॉलनी, तात्यापारा अशा भागांतल्या मराठी घरांत पूर्वी काश्मीर म्हणजे शिकारा, केशर आणि फिरन घालून काढलेला फोटो, एवढंच होतं. आता कॉलेजातली पोरं स्कीइंगच्या गोष्टी करतात. माना विमानतळावरून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर आणि तिथून टनमर्गमार्गे साधारण ५० किलोमीटरचा रस्ता. समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर राहणारा माणूस २,६५० मीटरवर जाऊन उभा राहतो.

गुलमर्गला बर्फावर घसरण्याचा नाद लावला तो ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी. १९२७ साली त्यांनी इथे स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये जनरल थिमय्यांच्या पुढाकाराने लष्कराची स्की शाळा सुरू झाली. तीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल म्हणून नावाजली. मग १९९८ मध्ये गंडोला म्हणजे पाळण्यांचा रज्जुमार्ग कोंगदूरीपर्यंत पोहोचला आणि २००५ मध्ये त्याचा दुसरा टप्पा थेट अफरवटच्या खांद्यावर. २०२० साली खेलो इंडियाचे पहिले हिवाळी खेळ इथेच झाले.

पण आजचा विषय गुलमर्गचं सौंदर्य नाही. विषय आहे तिथे हमखास ऐकू येणाऱ्या एका आरोळीचा : ‘‘माझी स्की कुठे गेली?’’

आपल्या मराठीत सरबतातलाही बर्फ आणि आभाळातून पडणाराही बर्फच. प्रत्यक्षात या दोघांत दगड आणि पीठ यांच्याइतका फरक. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर बर्फ घट्ट असतो. तिथे पायातून सुटलेली स्की समोर पडलेली दिसते. पण रात्रभर कोरडा, ताजा बर्फ पडला की पाऊडर तयार होते. ती हातात घ्या, तांदळाच्या पिठीसारखी बोटांतून निसटते. असा एक घनमीटर ताजा बर्फ तोलला, तर तो भरतो जेमतेम ५० ते १०० किलो. तेवढंच पाणी असतं १,००० किलो! म्हणजे या ढिगात नव्वद टक्क्यांहून जास्त नुसती हवा. अशा हवेच्या गादीत दीड-पावणेदोन मीटर लांबीची गुळगुळीत पट्टी टोकाने शिरली, तर ती सुरीसारखी आत जाणारच. वर खूणही राहत नाही, कारण कडांचा बर्फ लगेच आत ढासळतो.

आता कुणी विचारेल, स्की पायाला घट्ट बांधून का ठेवत नाहीत? पूर्वी तसंच करत. मग माणूस पडला, की लांब पट्टी पायाला पीळ घाली आणि हाड मोडे. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत ओरेगॉन राज्यात स्थायिक झालेला यल्मार वाम हा स्कीपटू १९३७ मध्ये असाच पाय मोडून रुग्णालयात पडला होता. तिथेच त्याला जोराचा हिसका बसताच बूट आपोआप मोकळा करणाऱ्या पकडीची युक्ती सुचली. तेव्हापासून असंख्य पाय वाचले. पुढे पट्टीला दोन छोटे ब्रेकही आले. बूट सुटला की ते खाली उघडतात आणि कडक बर्फात रुततात. पाऊडरमध्ये मात्र रुतायला काही नसतंच. पाय वाचतो, स्की बुडते!

आमच्या कॉलनीतल्या दोन-तीन कुटुंबांचा कंपू एका जानेवारीत गुलमर्गला गेला, तेव्हा हे डोळ्यांनी पाहायला मिळालं. बरोबरची एक कॉलेजकन्या स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेली. दुपारचे साडेतीन. प्रशिक्षकाच्या मागोमाग ती कोंगदूरीजवळच्या आखीव उताराच्या कडेला, मऊ बर्फात उतरली. चार सुंदर वळणं झाली. पाचव्या वळणाला पांढरा धुरळा उडाला आणि पोरगी सात-आठ मीटर खाली कोलांटत गेली. हसत उठली. उजव्या पायात स्की होती, डावा पाय मांडीपर्यंत बर्फात.

यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. एका स्कीवर मऊ बर्फ उतरणं नवशिक्याला जमत नाही आणि चालावं तर दर पावलाला माणूस मांडीपर्यंत रुततो. सूर्य डोंगराआड गेला, की थंडी हाडांत शिरते. शिवाय स्की भाड्याची. दुकानदार आणि प्रशिक्षक दोघेही गुलमर्गच्या तीन-चार महिन्यांच्या हंगामावर वर्षभराचं घर चालवणारे. हरवलेल्या एका स्कीबरोबर राहिलेली दुसरीही निकामी. एका चपलेचा काय उपयोग?

मुलीची आई कडेच्या वाटेवरून ओरडली, ‘‘अगं, खाली बघ ना! घसरून खालीच गेली असेल.’’

प्रशिक्षकाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाला, ‘‘बेटा, जिथे उठलीस तिथे शोधू नकोस. जिथे पाय सुटला तिथे शोध.’’

या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. बूट सुटतो त्या क्षणी स्कीची ओढ संपते आणि बहुधा ती तिथेच आसपास बुडते. माणूस मात्र वेगाच्या जोरावर पुढे कोलांटतो. म्हणून स्की जवळजवळ नेहमी आपल्या वरच्या अंगाला सापडते आणि शोधणारे नेमके खालचा बर्फ उकरत बसतात. क्वचित ती बर्फाखालून पाणबुडीसारखी दूर जाते, पण तो विचार शेवटी करायचा.

प्रशिक्षकाने आधी तिच्या येण्याच्या खुणा वाचल्या. दोन समांतर रेघा जिथे विस्कटल्या, तिथे दोन काठ्या फुलीसारख्या रोवल्या. कुणालाही त्या भागात पाय टाकू दिला नाही, कारण तुडवलं की खुणा पुसतात आणि स्की आणखी खाली दाबली जाते. मग तिची उरलेली स्की हातात घेऊन तिच्या शेपटाने तो बर्फ चिरू लागला. वरून खाली नाही हं, आडवा! बुडालेल्या स्कीचं तोंड बहुधा उताराच्या दिशेला असतं. उभ्या रेघा मारल्या तर त्या तिच्या शेजारून निघून जातात. आडवी रेघ मात्र पावणेदोन मीटर लांबीच्या वस्तूला कुठेतरी छेदणारच. एक रेघ झाली की वीतभर खाली दुसरी. शेतात तास घालावेत तसं. घाई नाही, उकराउकरी नाही.

छत्तीसगड म्हणजे धानाचा कटोरा. खळ्यावर भाताच्या राशीत नथ पडली, तर जाणती बाई राशीत हात खुपसून ढवळत नाही. ती एका कडेने मूठ मूठ बाजूला करत जाते. इथेही तोच न्याय. फरक एवढाच, की राशीपाशी संध्याकाळ झाली तर कंदील आणता येतो.

अर्धा तास गेला. सावल्या लांबल्या. आईने जप सुरू केला होता. आणि एका रेघेत ‘टक्’ असा आवाज आला. फुलीपासून फार तर दोन हात वर, गुडघाभर खोल, आडवी निवांत पहुडलेली स्की! प्रशिक्षकाने ती बाहेर काढली, पकडीतला बर्फ बोटांनी साफ केला आणि मुलीला सांगितलं, ‘‘आधी खालच्या अंगाच्या पायात घाल, मग वरच्या.’’

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने तिच्या दोन्ही स्कींना दीड-दीड मीटरच्या भडक लाल नाड्या बांधून दिल्या. पाऊडरमध्ये जाणारे जाणकार ही नाडी पकडीला अडकवतात आणि पँटच्या पायात गुंडाळून ठेवतात. स्की सुटली की नाडी उलगडते, तिचं एखादं वळण वर राहतं. पतंग दिसेना तरी मांजा हाती लागावा, तसं! किंमत किरकोळ, पण कितीतरी संध्याकाळी तिने वाचवल्या आहेत.

पाऊडरचा हा खेळ पाहताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. जो बर्फ स्की गिळतो, तोच माणूसही गिळतो. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग भागात हिमस्खलन झालं आणि वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू दगावले. ताज्या बर्फाचा जाड थर, वारा आणि तीव्र उतार एकत्र आले की डोंगर कधी सुटेल याचा नेम नसतो.

गाडल्या गेलेल्या माणसाचा शोधही स्कीसारखाच पद्धतशीर घ्यावा लागतो. शेवटचा कुठे दिसला ती जागा पक्की करायची, पण इथे तिथून खालच्या अंगाला शोधायचं, कारण लोट माणसाला सोबत खाली नेतो. पूर्वी लोक ओळीने उभे राहून लांब सळ्या खुपसत. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन लॉटन यांनी गाडलेल्या माणसाच्या अंगावरूनच खुणेचे संकेत देणारं छोटं यंत्र बनवलं. आज जगभर अशी यंत्रं ४५७ किलोहर्ट्झ या एकाच कंपनसंख्येवर बोलतात. पहिली १० ते १५ मिनिटं लाखमोलाची असतात. म्हणून शोधणारा सोबतीच हवा. मदत खालून येईपर्यंत बहुधा उशीर होतो.

तेव्हा वाचकहो, येत्या हिवाळ्यात तुमच्या घरातलं कुणी बर्फाकडे निघालं, तर लोकरीच्या टोपीबरोबर चार गोष्टी सांगून ठेवा. आखीव उतार सोडायचा तर स्थानिक जाणकाराशिवाय नाही. हिमस्खलनाचा इशारा असेल तर मुळीच नाही. एकट्याने कधीच नाही. आणि स्कीला लाल नाडी बांधल्याशिवाय पाऊडरमध्ये पाऊल नाही.

एवढं करूनही एखादी स्की हरवली आणि अंधार पडू लागला, तर ती खुशाल सोडून द्यावी आणि माणसांनी वेळेत खाली यावं. एप्रिल-मे महिन्यांत बर्फ वितळतो, कुरणं हिरवी होतात आणि थंडीत हरवलेल्या स्की, काठ्या, हातमोजे आपोआप उघड्यावर येतात. डोंगर वस्तू परत करतो. माणसांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये.