फ्यूजच्या जागी दिवा

मोटारीचा फ्यूज सारखा जळू लागला की काही लोक तिथे जाड तार घालतात. मला याची भीती वाटते. फ्यूज जळतो म्हणून तर गाडी वाचते! जाड तार जळत नाही. मग वायरिंगच पेटू शकते.

आमच्या मामूंची पद्धत वेगळी. एकदा त्यांच्या गाडीच्या मागच्या दिव्यांचा फ्यूज टिकेना. त्यांनी फ्यूजच्या जागी 12 व्होल्टचा, 21 वॉटचा दिवा जोडला. बटण दाबताच तो लख्ख पेटला. म्हणजे वीज वाटेतच पत्र्यात उतरत होती. मी दिव्यावर नजर ठेवली. मामू वायर हलवत मागे गेले. डिकीच्या बिजागरीपाशी वायर हलताच दिवा मंद झाला. "मामू, तिथेच!" मी ओरडलो. वायरवरचे प्लास्टिक घासून आतले तांबे उघडे पडले होते. नखाएवढी जागा, पण तिने चार फ्यूज जाळले होते!