वादळ ओसरल्यानंतरचा पाऊस

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी 'हुदहुद' चक्रीवादळ विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मी रजेवर भिलाईला बहिणीकडे होतो. समुद्र तेथून चारशेहून अधिक किलोमीटर दूर. संध्याकाळी वादळाचा जोर ओसरू लागल्याचे वृत्त आले. शिवनाथकाठच्या खेड्यातून कामाला येणाऱ्या बाईंनी मला विचारले, हलके धान कापणीला आले आहे, आता कापावे काय? मी अधिकाऱ्याच्या सवयीने सांगून टाकले, "वादळ संपले, खुशाल कापा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धान कापले. दुपारनंतर पाऊस सुरू झाला आणि शेतात पसरलेल्या कडपा पाण्यात बुडाल्या.

चूक कोणाची? हवामान खात्याने छत्तीसगडलाही अतिवृष्टीचा इशारा दिला होता. मी तो वाचला नव्हता. केवळ मथळा ऐकला होता. चक्रीवादळाची प्रतवारी वाऱ्याच्या वेगावरून ठरते, पावसावरून नव्हे. उबदार समुद्राचे बळ तुटताच वारा मंदावतो, वादळाचा 'कमी दाबाचा पट्टा' होतो. पण त्याने वाहून आणलेले बाष्प कोठेतरी उतरतेच. याच हुदहुदच्या अवशेषांनी १४ ऑक्टोबरला नेपाळात अन्नपूर्णा परिसरात हिमवृष्टी केली आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. तेथे तर समुद्राचे नावही कोणाच्या मनात नसेल.

१९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यातून धडा घेतल्यामुळे २०१३ च्या 'फायलिन'च्या वेळी लाखो लोकांना आधीच हलवले गेले आणि बळींची संख्या काही दहांवर राहिली. किनाऱ्यावरच्या प्रशासनाचे हे यश निर्विवाद आहे. परंतु वादळाचे नाव खाली उतरले की आतल्या जिल्ह्यांतील आपली दक्षताही त्याबरोबर खाली उतरते, हा माझ्या सेवेतला अनुभव आहे. इशारा टेबलापर्यंत पोहोचतो, बांधापर्यंत पोहोचत नाही.

त्या बाईंनी मला दोष दिला नाही. चौथ्या दिवशी त्या कामावर आल्या, तेव्हा ओंजळभर धान घेऊन आल्या होत्या. दाण्यांना कोंब फुटले होते.

तेव्हापासून 'वादळ क्षीण झाले' असा कागद समोर आला, की मी फाईल बंद करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतो: पाणी किती उरले आहे, आणि ते कोणाच्या शेतावर पडणार आहे?