रद्द करण्याजोगं काहीच नसतं तेव्हा

१७ सप्टेंबर २०२५ला एबीसी वाहिनीने जिमी किमेलचा रात्रीचा कार्यक्रम बेमुदत थांबवला. उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतरच्या राजकारणावर किमेलने केलेली टिप्पणी हे निमित्त. त्याच दिवशी प्रक्षेपणाचे परवाने देणाऱ्या एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी वाहिनीला कारवाईचा जाहीर इशारा दिला होता. पाठोपाठ स्थानिक केंद्रांची मालक असलेल्या नेक्स्टार कंपनीने आपल्या केंद्रांवर कार्यक्रम दाखवायला नकार दिला. या नेक्स्टारला टेग्ना ही कंपनी ६.२ अब्ज डॉलरना विकत घ्यायची होती आणि त्या व्यवहाराला मंजुरी हवी होती एफसीसीचीच. लेखी हुकूम काढायची गरजच पडली नाही.

लोक मात्र चिडले. एबीसी डिस्नेच्या मालकीची, म्हणून डिस्ने प्लसची वर्गणी बंद करा अशी हाक घुमली. २३ तारखेला किमेल परतला.

डाव्या विचारांच्या अमेरिकनांनी हा विजय साजरा केला, आणि तो करायलाच हवा होता. फक्त हा विजय ग्राहकाचा होता. ग्राहकाचा राग कुठवर पोचतो, हे वर्षभर आधीच दिसलं होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये जेफ बेझोस यांच्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास वर्गणीदारांनी पाठ फिरवली. बेझोस यांचं काय बिघडलं? फेब्रुवारीत त्यांनी मतांची पानं व्यक्तिस्वातंत्र्य आणि मुक्त बाजारपेठेच्या समर्थनासाठी राखून टाकली. वर्गणीचा पैसा आटला तो बातमीदारांच्या कामासाठीचा.

अलाबामातल्या माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी १९५५च्या डिसेंबरात बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा तेही प्रवासी, म्हणजे ग्राहकच होते. पण ३८१ दिवस ते एकेकटे घरी बसले नाहीत. चर्चमध्ये सभा भरत होत्या, गाड्यांच्या फेऱ्या आखल्या जात होत्या, धुणीभांडी करणाऱ्या बाया मैलोन्‌मैल चालत होत्या. जोडीला कोर्टात दावा होता, आणि बसमधलं वर्णभेदी विभाजन अखेर घटनाबाह्य ठरवलं ते न्यायालयाने. एक बटण दाबून मोकळं होण्यापेक्षा हे फार कष्टाचं, फार सामुदायिक काम होतं.

आज तेच काम जिथे सर्वात निकडीचं आहे, तिथे दाबायला बटणच नाही. जुलै २०२५मध्ये ट्रम्प सरकारच्या मागणीवरून काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. १९६७च्या कायद्याने उभं राहिलेलं सार्वजनिक प्रसारण महामंडळ त्यानंतर गुंडाळलं गेलं. न्यूयॉर्क-बोस्टनच्या केंद्रांना श्रीमंत देणगीदार आहेत. अलास्कातल्या बेथेलला विमानाने किंवा नदीतूनच जाता येतं. तिथलं केवाययूके हे केंद्र युपिक भाषेतही बातम्या देतं आणि त्याचा बराचसा खर्च महामंडळाच्या अनुदानातून भागत होता. या श्रोत्यांनी काय रद्द करायचं? ते कोणाचेच गिऱ्हाईक नाहीत. ते नागरिक आहेत, आणि रेडिओ त्यांना त्याच नात्याने मिळाला होता.

प्रतिनिधीगृहात ही कपात २१६ विरुद्ध २१३ अशी मंजूर झाली. विरोधात मत देणाऱ्यांत दोन रिपब्लिकनही होते. डिस्नेला आठवड्याच्या आत नमवणारा संताप आणखी दोन-तीन सदस्यांच्या मतदारसंघांत सभांमधून, फोनवरून, दारोदारच्या प्रचारातून वेळीच पोचला असता, तर हा आकडा उलटवता आला असता. २०२६च्या नोव्हेंबरात प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागांसाठी मतदान आहे.